यूडीआयडी कार्डावर (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावर) फक्त 'श्रवणदोष', डोळ्यांचा उल्लेखच नाही : माझा अनुभव

धाकट्या बहिणीला अशर सिंड्रोम आहे, म्हणजे ऐकू कमी येतं आणि नजरेचा घेरही आक्रसत जातो. कार्डावर कानांचे 72 टक्के, पट्टा पिवळा (40 ते 79 टक्क्यांचा), डोळे गायब. समोरचा तक्ता ती वाचते, पण शेजारी ठेवलेल्या पेल्याला हात लागून तो सांडतो.

यूडीआयडीच्या पोर्टलवरून दुरुस्ती टाकली. तिथे नाव-पत्ता बदलतो, अपंगत्वाचा प्रकार नाही. दुसरा अर्ज केला, तो आधीचं कार्ड असल्याने नाकारला. आठ महिने गेले, डोकं फिरलं.

जमलं ते असं. आधी दृष्टिक्षेत्राची तपासणी (पेरिमेट्री) करून घेतली. नुसत्या तक्त्यावर अशरची नजर कळत नाही. मग ऑडिओमेट्रीचा (ऐकण्याच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट. त्यानंतर जुन्याच क्रमांकावर फेरतपासणीचा अर्ज, प्रकार 'बहुविकलांगता'. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात बधिरांधत्व (कान-डोळे दोन्हींचं अपंगत्व) त्यातच येतं, स्वतंत्र रकाना शोधत बसू नका. वैद्यकीय बोर्डापुढे कान आणि डोळे, दोन्ही तज्ज्ञांच्या सह्या एकाच प्रमाणपत्रावर घेतल्या.

टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा अ, लहान ब : अ + ब × (90 − अ) ÷ 90. तिच्या डोळ्यांचे 40 निघाले, म्हणजे 72 + 8 = 80. पट्टा निळा (80 आणि वरचा) झाला.