दर रविवारी नवा वाडा: जुन्या लॅपटॉपवर डूमच्या लेव्हल्स आपोआप कशा बनवाव्यात

दिवाळीच्या सुट्टीत भाचा वडोदऱ्याहून इंदूरला आला की पहिले दोन दिवस सराफा आणि छप्पन दुकान या खाऊगल्ल्यांना वाहिलेले असतात. तिसऱ्या दिवशी तो माझा जुना लॅपटॉप मांडीवर घेतो. गेल्या खेपेला त्यानं डूम हा राक्षसांवर गोळ्या झाडायचा जुना खेळ लावला आणि अर्ध्या तासात बाजूला सारला. "मामा, हे सगळं पाठ झालंय. या दाराआड दोघं उभे असतात, त्या जिन्यामागे बंदूक." पोरगं खोटं बोलत नव्हतं. डूम १९९३ च्या डिसेंबरात आला, तेव्हापासून भिंती जागच्या हललेल्या नाहीत. मीच ते नकाशे कितीदा तुडवलेत!

त्याला म्हटलं, पोहे संपवून ये. तो जीरावन मसाला भुरभुरून, वर शेव घेऊन, सावकाश खाऊन परतला तोवर पडद्यावर एक लेव्हल तयार होती. ती त्यानं पाहिली नव्हती, मीही नाही, आणि ती कुणा माणसानं आखलेलीही नव्हती.

ही कल्पना डूमपेक्षा जुनी आहे. १९८० च्या आसपास 'रोग' नावाचा खेळ आला. त्यात चित्रं नव्हती, नुसती अक्षरं आणि चिन्हं, पण दर खेपेला तळघर नवं. तीन बाय तीनच्या चौकटीत जास्तीत जास्त नऊ खोल्या टाकायच्या आणि त्या बोळांनी जोडायच्या, एवढाच हिशेब. तोच हिशेब बंदूकवाल्या खेळाला लावला की आपलं काम होतं. कसं, ते इथे सांगतो. पैसे लागत नाहीत, प्रोग्रामिंग लागत नाही, एक मोकळी दुपार लागते.

आधी सामान

तीन गोष्टी लागतात. त्यांची गल्लत झाली की लोक पहिल्याच पायरीवर हात टेकतात, म्हणून नीट समजून घ्या.

पहिली म्हणजे इंजिन, खेळ चालवणारा प्रोग्राम. डूम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरनं १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, खुला केला आणि पुढे १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला. त्यावरून लोकांनी आजच्या विंडोज, लिनक्स, मॅकवर चालणारी इंजिनं केली. त्यातलं सगळ्यात सोयीचं जीझेडडूम. लॅपटॉप फारच म्हातारा असेल, ग्राफिक्सच्या नावानं बोंब असेल, तर क्रिस्पी डूम घ्या. ते कशावरही चालतं.

दुसरी गोष्ट म्हणजे डेटा: भिंतींची चित्रं, राक्षस, आवाज. हे सगळं वॅड नावाच्या फाइलमध्ये असतं. कोड खुला झाला तरी हा माल खुला झालेला नाही, तो विकतच घ्यावा लागतो. तुमच्याकडे विकत घेतलेला डूम-२, म्हणजे डूमचा पुढचा भाग, असेल तर त्याची वॅड चालेल. नसेल तर फ्रीडूम उतरवा. स्वयंसेवकांनी चित्रं, आवाज, संगीत सगळं नव्यानं करून फुकट दिलंय. राक्षसांचे चेहरे वेगळे, खोड्या त्याच. कुणाच्या पेनड्राइव्हमधून चोरटी प्रत आणायची गरज उरत नाही.

तिसरी गोष्ट खरी गंमत आहे, लेव्हल बनवणारा प्रोग्राम. अँड्र्यू ॲप्टेड यांनी बरीच वर्षं ऑब्लाईज नावाचा असा प्रोग्राम सांभाळला. त्याचं काम थांबल्यावर इतरांनी तो ऑब्सिडियन या नावानं पुढे नेला. आपण ऑब्सिडियन घेऊ. तिन्ही गोष्टी त्यांच्या त्यांच्या अधिकृत पानावरूनच उतरवा. शोधल्यावर वर येणाऱ्या 'डाउनलोड नाऊ'च्या हिरव्या बटणांना हात लावू नका.

एक साधा माउसही हवा. टचपॅडवर नेम धरणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. मी जेल रोडवरून सगळ्यात स्वस्त वायरवाला उचलला, तो अजून चालतोय.

जोडणी

एक नवा फोल्डर करा. त्यात जीझेडडूमची झिप उघडा आणि फ्रीडूमच्या झिपमधल्या दोन वॅडपैकी ज्या नावाच्या शेवटी २ आहे ती त्याच फोल्डरमध्ये टाका. जीझेडडूमवर डबल क्लिक केलं की खेळ सुरू झाला पाहिजे. इथवर नुसता फ्रीडूम चालतोय याची खात्री करून घ्या, मगच पुढे चला. नंतर काही बिघडलं तर निदान कुठे शोधायचं ते कळतं. ऑब्सिडियनची झिप वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा.

आता ऑप्शन्समध्ये जाऊन उडी बंद करा. जीझेडडूम उडी मारू देतं, पण मूळ डूममध्ये उडीच नव्हती आणि कडी-कुलपाचं सगळं गणित 'माणूस उडणार नाही' यावर उभं असतं. भाच्यानं पहिल्या दिवशी कठड्यावरून उडी मारून लाल किल्लीचं दार टाळलं आणि दोन मिनिटांत बाहेर! वर "किती सोपं आहे" हेही ऐकवलं.

जुना बाज हवा असेल तर टेक्स्चर फिल्टर 'नन' करा, म्हणजे चित्रं पुसट न दिसता चौकड्या-चौकड्यांची, ठसठशीत दिसतात. मूळ खेळ ३२० बाय २०० ठिपक्यांचा होता, हवं तर रिझोल्यूशनही तिथवर उतरवता येतं. मी तेवढा कर्मठ नाही. ज्यांचं लहानपण सायबर कॅफेतल्या फुगीर मॉनिटरसमोर गेलं त्यांनी एकदा करून पाहावं.

पहिली लेव्हल, फक्त एक

ऑब्सिडियन उघडलं की पर्यायांची भली मोठी यादी अंगावर येते. घाबरू नका, आज तीनच गोष्टींना हात लावायचा. गेममध्ये डूम-२ निवडा, फ्रीडूमची दुसरी वॅड त्याच्याशी जुळते. इंजिनच्या जागी झेडडूमचा पर्याय घ्या (जीझेडडूम त्यातच मोडतं), क्रिस्पी डूमवाल्यांनी 'लिमिट रिमूव्हिंग'. आणि लांबी 'सिंगल लेव्हल'. मग बिल्ड दाबा. नाव विचारेल, तिथे तारीख घाला. एका कोपऱ्यात इवलासा नकाशा उमटताना दिसेल, तो पाहत बसण्यात वेगळंच सुख आहे.

तयार झालेली फाइल माउसनं ओढून जीझेडडूमच्या चिन्हावर सोडा. झालं.

डूम-२ मध्ये ३२ लेव्हल्स असतात आणि 'फुल गेम' निवडलं की प्रोग्राम सगळ्या एका दमात बनवून देतो. प्रत्येकाला पहिला मोह हाच होतो. तो आवरा. सेटिंग चुकलेल्या ३२ लेव्हल्स कुणी पूर्ण खेळत नाही. तिसरीतच कंटाळा येतो आणि दोष खेळाला लागतो.

प्रोग्राम आत काय करतो

हे कळल्याशिवाय पुढची बटणं आंधळेपणानं फिरवाल, म्हणून इथे जरा थांबतो.

रँडम म्हणजे वाटेल तिथे वाटेल ते फेकणं नव्हे. तसं केलं तर पिवळी किल्ली पिवळ्या दाराच्या आतच अडकेल. प्रोग्राम आधी जागा आखतो: खोल्या, अंगणं, गुहा, त्यांना जोडणाऱ्या वाटा. मग सुरुवात आणि शेवट ठरवतो. मग कुलपं: निळं, पिवळं, लाल. प्रत्येक कुलपाची किल्ली अशाच भागात ठेवतो जिथे ते कुलूप उघडण्याआधी पोचता येतं. सांगाडा उभा राहिला की त्यात राक्षस सोडतो.

आमच्या सराफ्याची गल्ली आठवा. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गरम जिलेबी. गल्ली हलत नाही, आतला बाजार बदलतो. प्रोग्रामच्या लेखीही गल्ली आणि बाजार हे वेगवेगळे निर्णय आहेत, म्हणून बटणांचेही वेगळे गट आहेत: आर्किटेक्चर (रचना), कॉम्बॅट (लढाई), पिकअप्स (वेचायचं सामान).

शेवटी गोळ्या आणि औषधं. इथे मला हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं फार कौतुक वाटतं. किती गोळ्या ठेवायच्या याचा तो अंदाज मारत नाही. समोर अमुक राक्षस, हातात तमुक बंदूक, असं धरून तो ती लढाई आतल्या आत लढून पाहतो, किती गोळ्या जातील आणि किती मार बसेल ते मोजतो आणि त्या मापानं सामान मांडतो. म्हणजे राक्षस वाढवले की गोळ्याही वाढतात. "राक्षस वाढवले म्हणून गोळ्याही वाढवू" असं केलंत तर दुप्पट लाड होतील.

बटणं कशी फिरवावीत

एका वेळी एकच. बदला, बनवा, दहा मिनिटं खेळा, मग दुसरं. चार एकदम फिरवली की चव कशानं बिघडली ते कळत नाही.

मी सगळ्यात आधी लेव्हलचा आकार लहान करतो. मोठ्या लेव्हलमध्ये एक किल्ली राहिली की माणूस रिकाम्या खोल्यांतून भुतासारखा हिंडतो. गुहा थोड्या, मोकळी अंगणं बऱ्यापैकी. टेलिपोर्टर, म्हणजे पाय ठेवताच दुसरीकडे नेऊन टाकणारी जागा, बंद, कारण त्यानं दिशेचं भान सुटतं आणि नवख्याची चिडचिड होते.

मग राक्षस. संख्या आणि ताकद ही दोन वेगळी बटणं आहेत. संख्या जास्त आणि ताकद कमी ठेवली तर शॉटगनची मजा येते, धडाधड वाट मोकळी होते. उलट केलं तर प्रत्येक वळणावर जपून डोकवावं लागतं. भाच्याला पहिलं आवडतं, मला दुसरं. खेळ सुरू होताना पाच पातळ्यांची जी निवड येते ती याहून निराळी आहे. मधली पातळी कायम ठेवा आणि फेरफार ऑब्सिडियनमध्येच करा, नाहीतर दोन्ही टोकं मोकळी राहतात. अचानक भिंत उघडून अंगावर येणारे सापळे मी कमी ठेवतो. रात्री हेडफोन लावून खेळताना एकदा असा ओरडलो की शेजारच्या काकू विचारायला आल्या, "काय झालं रे?"

अडकलात तर टॅब दाबा, नकाशा उघडतो. तरीही वाट सापडेना, तर नकाशा उघडा ठेवून आय, डी, डी, टी या कळा ओळीनं दाबा, न पाहिलेला भागही दिसतो. ही लबाडीच आहे. पण माणसानं आखलेल्या लेव्हलमध्ये ती करणं आणि यंत्राच्या विचित्र कोपऱ्यात फसल्यावर करणं यात फरक करावा, असं माझं मत.

वाईट लेव्हल येणारच. पाचातली एखादी बेचव निघते, सगळ्या खोल्या एकसारख्या, शेवट अचानक. तिच्यात जीव गुंतवू नका, पुसून टाका. मात्र नवी लेव्हल जुन्याच नावानं ठेवू नका. मी तसं केलं आणि भाच्याचा अर्धा खेळलेला डाव गेला. सेव्ह केलेला डाव त्या फाइलला बांधलेला असतो, भिंतीच बदलल्या तर तो उघडून कुठे नेणार? दोन दिवस माझ्याशी बोलणं नव्हतं.

तयार खेळ हवा असेल तर

एवढी खटपट नको असेल तर विकतचे खेळ आहेत, ज्यांच्या पोटातच हे यंत्र असतं: २०१३ चा एल्ड्रिच, २०१४ चे झिगुराट आणि टॉवर ऑफ गन्स, २०१७ चा स्ट्रेफ. त्यांत मेलात की पहिल्यापासून सुरुवात आणि नकाशाही नवा. माझी पसंती झिगुराटला, बंदुकीऐवजी जादूच्या कांड्या असूनही चाल जुन्या खेळांसारखी वेगवान. पण यांत बटणं फारशी आपल्या हाती नसतात.

बी जपून ठेवा

प्रत्येक लेव्हलमागे एक लांबलचक आकडा असतो. त्याला सीड म्हणतात, म्हणजे बी. कंप्युटरचं रँडम खरं रँडम नसतंच. एक आकडा घेऊन ठरलेल्या रीतीनं त्यातून पुढचे आकडे काढत जायचं, एवढंच. मूळ डूम तर याहून साधा: त्याच्या पोटात २५६ आकड्यांची एक कायमची यादी आहे, आणि गोळी किती लागली हे त्या यादीतला पुढचा आकडा ठरवतो.

म्हणून आवडलेल्या लेव्हलचं बी वहीत लिहून ठेवा, सोबत बदललेली सेटिंग्ज. पुन्हा तेच बी घातलं की तीच लेव्हल उगवते. फाइल पाठवायचीही गरज नाही. भाचा वडोदऱ्याला परतल्यापासून दर रविवारी सकाळी मी त्याला एक आकडा पाठवतो. दोघं आपापल्या घरी तीच लेव्हल बनवतो, कोण आधी बाहेर पडतो ते फोनवर ठरतं.

पहिल्या रविवारी मात्र मजा झाली. "मामा, पहिलं दार उघडल्यावर डावीकडे गुहा आहे ना?" माझ्यासमोर अंगण होतं. आकडा तीनदा वाचून दाखवला, सेटिंग्ज ताडून पाहिली, सगळं तेच. शेवटी कळलं की त्यानं ऑब्सिडियनची नवी आवृत्ती उतरवली होती आणि माझी जुनीच होती. आवृत्ती बदलली की आतली रीत बदलते आणि त्याच बियातून दुसरंच झाड येतं. तेव्हापासून वहीत आकड्याआधी आवृत्ती लिहितो.