कोकणची गाडीची सहल: आधी तिथी बघा, मग खोली बुक करा

कुटुंबाला घेऊन गाडीने कोकणात जायचं, चार किनारे, दोन देवळं, एखादा किल्ला बघायचा आणि मुलांना गळाने मासे धरायला बसवायचं, हा बेत बहुतेक घरांत शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टी बघून ठरतो. सुट्टी बघावीच लागते. पण त्याच दिनदर्शिकेत तारखेखाली बारीक अक्षरात तिथी छापलेली असते आणि तुमचं तिथलं निम्मं सुख तिच्यावर अवलंबून असतं. 'दोन दिवसांत पंधरा ठिकाणं' छापाच्या याद्यांमध्ये ती कधीच नसते, म्हणून त्या याद्या वाचून गेलेली माणसं हरिहरेश्वरला ऐन भरतीत पोचतात आणि हेदवीला ऐन ओहोटीत.

गाडीची हवा-पाणी, औषधं, जादा कपडे, थोडी रोख रक्कम हे तुम्ही करालच.

मार्ग

पुण्याहून निघणाऱ्यांसाठी माझा आवडता मार्ग असा: ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. तिथून बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी घालून सावित्रीची खाडी ओलांडायची आणि वेसवीला उतरायचं. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. दाभोळला पुन्हा फेरीबोट, वाशिष्ठीपलीकडे धोपावे आणि मग गुहागर. वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला तिसरी फेरीबोट, पलीकडे जयगड आणि तिथून गणपतीपुळे. परतताना रत्नागिरीहून आंबा घाट. मुंबईकरांनी महामार्गाने माणगाव गाठून हाच रस्ता धरावा.

फेरीबोटी वाचवतात तो वळसा फार मोठा आहे. दाभोळहून गुहागरला बोटीशिवाय जायचं तर चिपळूण गाठावं लागतं. शेवटची बोट किती वाजता सुटते हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. पेट्रोल माणगावला आणि दापोलीला भरून घ्या, किनाऱ्याच्या रस्त्यावर पंपाची वाट बघू नका.

भरतीची वेळ काढा

आता मुख्य काम. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. तिथीचा आकडा तीनने गुणायचा, चारने भागायचा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाचीही आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. अमावास्याही पंधराच धरायची, दिनदर्शिकेत तीस छापलं असलं तरी. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी.

ही वेळ घड्याळाच्या काट्यावर चालत नाही. पाऊण तास इकडेतिकडे धरा, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, तेही बघा. फक्त बंदर जवळचं निवडा. मुंबईचा तक्ता मालवणला लावून उपयोग नाही; दक्षिणेकडे जाल तशी वेळही सरकते आणि पाण्याचा चढउतारही कमी होत जातो.

दुसरी गोष्ट पाणी किती चढतं याची. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं: भरती खूप वर, ओहोटी खूप खाली, ओढ जबरदस्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी धड वर येत नाही, धड उतरतही नाही आणि ओढही सौम्य असते.

एवढं कळलं की बेताला आकार येतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायची हौस असेल तर उधाणाच्या ओहोटीलाच जा. भांगात मधल्या पट्ट्यातलं पाणी पुरतं हटत नाही. मुलांना घेऊन मासे गरवायचे, म्हणजे गळाने धरायचे असतील तर भांगाचे दिवस घ्या. दोन्ही एकाच सहलीत कोंबायचा हट्ट सोडा.

गरवण्यासाठी माझं उत्तर पक्कं आहे: षष्ठीला निघा, नवमीला परतीला लागा. षष्ठीची ओहोटी पावणेअकराच्या सुमारास असते. पहाटे पाचला पुणं सोडलंत तर हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला वेळेत पोचता. सप्तमीला केळशी-आंजर्ले बघून संध्याकाळी हर्णैचा मासळीचा लिलाव. अष्टमीला भरती सहाची, म्हणजे चारपासून अंधार पडेपर्यंत गुहागरकडच्या खाडीवर गळ टाकता येतो. नवमीला सकाळी पावणेसातच्या भरतीला हेदवीची बामणघळ (लाट उसळवणारी कातळातली भेग). शिवाय संकष्टी आणि एकादशी दोन्ही यातून सुटतात. चारात दोघं उपासाला असताना माशांचं ताट समोर येणं घरात कुणालाच बरं वाटत नाही. मार्गशीर्षातले गुरुवारही याच कारणासाठी टाळा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात गळ घेऊन समुद्राकडे फिरकू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांनाही मासेमारी बंद असते. तो माशांच्या विणीचा काळ आहे आणि समुद्र खवळलेला असतो.

मासे गरवणं

इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या भागाबद्दल सर्वांत वाईट सल्ले मिळतात आणि मलाही हे समजायला सर्वांत जास्त वेळ लागला.

पहिला वाईट सल्ला: 'पहाटे उठून जा, पहाटे मासे लागतात.' माशाला पहाट कळत नाही असं नाही, पण त्याला पाणी आधी कळतं. पाणी चढायला लागलं की मासा खाणं शोधत खाडीत आणि काठाकडे येतो. पहाटे पूर्ण ओहोटी असेल तर तुम्ही चिखलाकडे बघत बसाल आणि मुलं तासाभरात कंटाळून पुन्हा कधी यायचं नाव काढणार नाहीत. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास, हा मुलांना न्यायचा वेळ.

हे मला दाभोळच्या बाजूच्या एका वयस्क तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) दाखवलं. खाडीतून एक नारळाचं सोडण तरंगत चाललं होतं. ते समुद्राच्या दिशेने जात होतं, मग हळूहळू मंदावलं, जागच्या जागी एक गिरकी घेऊन थांबलं. पाणी जणू झोपलं होतं. थोड्या वेळाने तेच सोडण उलट, गावाच्या दिशेने सरकायला लागलं. 'आता सोडा दोरी,' तो म्हणाला. तेव्हापासून मी काठावर पोचले की आधी पाण्यावर तरंगणारं काहीतरी शोधते, पान, काडी, फेसाचा पुंजका, आणि ते कुठे चाललंय ते बघते. पाणी थांबलेलं असताना गळ टाकून बसण्यात अर्थ नाही.

दुसरा वाईट सल्ला: 'कातळावरून टाका, मोठा मासा लागतो.' लागतो. पण उघड्या समुद्रावरच्या कातळावर लहान मुलं आणि सासूबाई घेऊन बसायचं नाही, याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. दहा लाटा गुडघ्याखाली फुटतात आणि अकरावी छातीवर येते. कातळाचा काळपट, शेवाळी भाग जिथवर दिसतो तिथवर पाणी येतंच, आणि त्याच्याही वर ओलं दिसलं तर तिथवर लाट उडते. त्यात पाणी चढत असताना मागची वाट बंद होते, ती बसलेल्याला दिसत नाही.

म्हणून कुटुंबासाठी खाडी. बांधलेल्या पायऱ्या, दगडी बांध किंवा जिथे होड्यांची ये-जा नाही असा छोटा धक्का. गावातल्या माणसाला विचारून बसा: कुठे बसू, कुणाची जाळी लावलेली आहेत का. फेरीबोटीच्या उतारावर आणि कंपन्यांच्या धक्क्यांवर बसू नका. पोहता येत असलं तरी मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच. खाडीचा काठ चिखलाचा असतो आणि एका पावलात खोल होतो.

साहित्यावर पैसे घालू नका. रीळवाला महागडा रॉड पहिल्या सहलीला नको. हातदोरी पुरते: लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेलं जाड तंगूस (नायलॉनचा दोरा), टोकाला शिशाचं वजन, त्याच्या वर वीतभर अंतरावर एक-दोन लहान गऱ्या (गळाचे आकडे). गरी लहान घ्या. मोठ्या गरीवरचं आमिष लहान मासे कडेने कुरतडून नेतात आणि तुम्हाला फक्त टोचणी जाणवत राहते. आमिष म्हणून सकाळच्या बाजारातली ताजी कोलंबी, सालासकट तुकडे करून. सोललेली मऊ कोलंबी पाण्याच्या ओढीने गरीवरून निसटते. बर्फातली, वास मारणारी तर नकोच.

दोरी तळाला लागली की किंचित ओढून ताठ करा आणि तर्जनीवरून जाऊ द्या. बारीक टकटक लागली तर हलू नका. टकटकीनंतर दोरी एका दिशेला सरकायला लागते, त्या क्षणी मनगटाने एक छोटा हिसका द्या आणि न थांबता ओढत राहा. मुलं टकटकीलाच हिसका देतात, म्हणून पहिला अर्धा तास त्यांच्या बोटाखाली दोरीवर आपलंही बोट ठेवा.

काय लागेल? काळुंदर, पालू, नशीब असेल तर लहान तांबोशी. आणि हमखास लागेल तो शिंगाळा. तो मुलांच्या हातात जाऊ देऊ नका. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे काटे असतात, करवतीसारखे आणि विषारी. जाड फडक्याने डोक्यामागे दाबून धरायचा आणि चिमट्याने गरी काढायची. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास तरी बुडवून ठेवा, ठणका त्याने उतरतो. मग डॉक्टर गाठा, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. फुग्यासारखा फुगणारा केंड लागला तर सोडून द्या, तो विषारी आहे, खायचा नाही. हाताच्या पंजाहून लहान असलेलं काहीही परत पाण्यात.

तुटलेलं तंगूस काठावर टाकून येऊ नका. पक्ष्यांच्या पायात आणि कासवांच्या गळ्यात तेच अडकतं.

मुक्कामी घरगुती सोय असेल तर सकाळीच विचारून ठेवा, 'काकू, मासे मिळाले तर करून द्याल का?' संध्याकाळी सातला पिशवी घेऊन दारात उभं राहणं बरं दिसत नाही. आणि जेवण त्यांच्याकडे सांगूनच ठेवा. चार काळुंदरांत सहा माणसं जेवत नाहीत.

बघायच्या जागा

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच. डोंगरातून पायऱ्या उतरून कातळावर येता आणि समुद्राच्या कडेने वळसा घालून परतता. ही वाट भरतीत पाण्याखाली जाते. लाटेने माणसं ओढून नेली आहेत. पूर्ण ओहोटीच्या थोडं आधी उतरा, देवळातल्या माणसांनी नको म्हटलं तर उतरू नका. कातळावरची मधाच्या पोळ्यासारखी नक्षी उभी राहून बघा, लाटांच्या बाजूला पाठ करून फोटो काढू नका.

वेसवीला उतरल्यावर बाणकोटचा किल्ला जवळ आहे. वेळासही तिथून लांब नाही; फेब्रुवारीअखेरीपासून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, तेव्हा जात असाल तर एक मुक्काम तिथे वाढवा.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती सकाळी. हर्णैचा लिलाव संध्याकाळी, समोर सुवर्णदुर्ग. लिलावात टोपल्याच्या टोपल्या बोलीने जातात, तिथे मध्ये शिरू नका. बाजूला बसलेल्या मावश्यांकडून घ्या, आणि घासाघीस करणार असाल तर आधी इतरांना काय भावाने देतात ते दोन मिनिटं ऐका.

बामणघळ म्हणजे कातळातली अरुंद भेग. भरतीची लाट तिच्यात घुसते आणि टोकाशी कोंडून वर उसळते. अष्टमी-नवमीला उसळी उधाणाइतकी नसते, पण मुलं बरोबर असताना तेवढी पुष्कळ होते. भेगेच्या तोंडाशी जायचं नाही.

पोहायचं तर पाणी चढत असताना, गुडघाभर, आणि खाडीच्या मुखापासून दूर. ओहोटीला अजिबात नाही. गणपतीपुळ्याला तर मुलांचे पाय भिजवून बाहेर काढा, त्या किनाऱ्यावर दरवर्षी माणसं जातात. दोन बाजूंना लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत दिसला तर तो पोहायला चांगला असं समजू नका, तिथूनच पाणी आत ओढलं जातं.

गाडी वाळूत घालू नका. ओली वाळू घट्ट वाटते, चाक एकदा रुतलं की प्रत्येक रेटणीला खाली जातं आणि पाऊणपटीचा हिशेब तुमच्यासाठी थांबत नाही. ट्रॅक्टर मिळेपर्यंत पाणी इंजिनापर्यंत आलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घ्या. गऱ्या आणि चिमटाही धुवा, पुसून तेलाचा हात लावा आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा डब्यात बंद करून ठेवा.