जनगणनेतल्या नाशिकची हद्द क्यूजीआयएसमध्ये कशी लावावी

क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर. त्यात लावायची हद्दीची फाइल उतरवण्याआधी ठरवा, तुम्हाला नेमकं कुठलं नाशिक हवंय? २०११च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या १४,८६,०५३ आहे आणि नाशिक नागरी समूहाची १५,६१,८०९. पाऊण लाखाचा हा फरक पडतो, कारण समूहात देवळाली कॅन्टोन्मेंट, भगूर अशी लगतची शहरंही येतात. एकाचा आकडा दुसऱ्याच्या हद्दीवर चढवला, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

जनगणना शहरांकडे विशेष लक्ष द्या. किमान ५,००० लोकसंख्या, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, या तिन्ही अटी पुऱ्या करणारं गाव जनगणनेच्या लेखी नागरी ठरतं, मग तिथे ग्रामपंचायत का असेना. त्यामुळे एखादं शहर शहरांच्या लेयरमध्ये (नकाशाच्या थरात) दिसलं नाही, तर गावांच्या लेयरमध्ये शोधा.

शेपफाइल (हद्दी साठवण्याचा एक फाइल-प्रकार) घेतलीत तर एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे या चारही फाइली एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाने ठेवा. पीआरजे हरवली, तर नकाशा पृथ्वीवर कुठे बसवायचा हे क्यूजीआयएसला कळत नाही. नाशिक साधारण २० अंश उत्तर, ७३.८ अंश पूर्व. हद्द भलतीकडेच उमटली, तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे का ते आधी बघा.

क्षेत्रफळ काढायचं असेल, तर लेयर अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम झोन ४३ उत्तर या नकाशा-पद्धतीत (क्यूजीआयएसमधला तिचा कोड ईपीएसजी ३२६४३) नव्याने सेव्ह करा.

आता जनगणनेचे आकडे हद्दींना जोडायचे. ही जोडणी नावावरून कधीही करू नका. एका तक्त्यात 'नाशिक', दुसऱ्यात 'नासिक', आणि देवळाली गाव वेगळं, देवळाली कॅम्प वेगळा. कोड वापरा : २०११च्या यादीत महाराष्ट्र २७, नाशिक जिल्हा ५१६, त्यापुढे शहराचा सहा अंकी कोड. माझा एक आख्खा दिवस वॉर्डांच्या कोडपायी गेला. एक्सेलने ०००१ चा १ केला होता आणि एकही ओळ जुळेना. म्हणून एक्सेलमध्ये कोडचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्या.

वॉर्डांचीच आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. २०११च्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २००९ रोजी गोठवल्या होत्या. महापालिकेच्या २०१७च्या निवडणुकीत ३१ प्रभाग होते, त्यांच्या रेषा वेगळ्या. जनगणनेचा वॉर्ड म्हणजे आपला प्रभाग, असं धरून पाणीपुरवठ्याचा किंवा शाळांचा हिशेब मांडाल, तर एका वस्तीची माणसं दुसरीच्या नावावर जातील.

शेवटी हद्दीखाली उपग्रह चित्र ठेवा आणि गोदावरीचा काठ, नाशिकरोड, कॅन्टोन्मेंटची कड डोळ्यांनी तपासा. दोन हद्दींमध्ये फट किंवा एकीवर दुसरी चढलेली दिसली, तर अशा चुका शोधणारं क्यूजीआयएसमधलं 'टोपॉलॉजी चेकर' चालवा. सेव्ह करताना फाइलच्या नावात हद्दीचं वर्ष घाला.