बेंझीन, सायक्लोहेक्झेन आणि बाकी रिंगा: या चुका टाळा

बारावीची आणि बीएस्सीची मुलं दरवर्षी नवी येतात पण वह्यांमधल्या चुका त्याच असतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते. ऑरगॅनिक डोक्यावरून जातं असं म्हणणाऱ्या बहुतेकांना रिअ‍ॅक्शन नाही, स्वतः काढलेलं स्ट्रक्चर वाचता येत नाही. षटकोन काढायला दोन सेकंद लागतात आणि घाईत तिथेच सगळं बिघडतं.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे बेंझीनची (सहा कार्बनांची रिंग, एकाआड एक डबल बाँड) डबल बाँड एकेक जागा सरकवून दोन चित्रं काढून मध्ये इक्विलिब्रियमचे उलटसुलट बाण टाकणं. त्या बाणांचा अर्थ एक पदार्थ दुसऱ्यात बदलतोय आणि परत येतोय. बेंझीनमध्ये असलं काही होत नाही, रेणू एकच आहे, तो कागदावर एका चित्रात मावत नाही म्हणून आपण दोन काढतो, आणि मध्ये दोन्ही टोकं असलेला एकच बाण येतो. "मॅडम, बाणच आहे ना, काय फरक पडतो" हे मी इतक्यांदा ऐकलंय!

फरक काय पडतो ते सांगते. बीएस्सीच्या एका हुशार मुलीला व्हायवामध्ये बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ऑर्थो-झायलीन (बेंझीनच्या शेजारशेजारच्या दोन कार्बनांवर मिथाइल) किती प्रकारचं असतं? तिने बेधडक सांगितलं, दोन. एकात दोन मिथाइलच्या मध्ये डबल बाँड, दुसऱ्यात सिंगल. सर पुढे काही बोललेच नाहीत आणि ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. तिच्या क्लासच्या छापील नोट्स बघितल्या तर प्रत्येक पानावर तेच उलटसुलट बाण. म्हणजे नोट्स खऱ्या धरल्या तर पोरीचं लॉजिक बरोबरच होतं की! हाच आक्षेप, दोन प्रकार यायला हवेत पण मिळतो एकच, रसायनशास्त्रज्ञ लाडेनबर्गने १८६९ मध्ये केकुलेने मांडलेल्या बेंझीनच्या स्ट्रक्चरवर घेतला होता, आणि १८७२ मध्ये केकुलेला बाँड सतत जागा बदलत असतात असं म्हणावं लागलं.

तिला मी दोन्ही चित्रं काढायला लावली आणि म्हटलं, आता ओझोनने प्रत्येक डबल बाँड तोड. एका चित्रातून डायमिथाइल ग्लायऑक्झल एक आणि साधं ग्लायऑक्झल दोन, दुसऱ्यातून मिथाइल ग्लायऑक्झल दोन आणि साधं एक. बेरीज केली तर साधं तीन, मिथाइल दोन, डायमिथाइल एक, म्हणजे ३:२:१. लेव्हिन आणि कोल यांनी १९३२ मध्ये हे करून बघितलं तेव्हा तिन्ही मिळाले, म्हणजे कुठलंही एक चित्र एकटं पुरत नाही. मग बाँडची लांबी सांगितली. साधा सिंगल १.५४ अँगस्ट्रॉम, डबल १.३४, आणि बेंझीनमधले सहाच्या सहा १.३९. दोन प्रकारचे बाँडच नाहीत तर दोन प्रकारचं झायलीन येणार कुठून? हे तिने स्वतःच्या हाताने काढलं म्हणून तिला कळलं, नुसतं सांगून कळलं नसतं.

आणि डबल बाँड दिसला म्हणून बेंझीनवर नुसतं ब्रोमीन वॉटर टाकून रंग घालवू नका. सायक्लोहेक्झीनला हायड्रोजन जोडताना मोलमागे साधारण १२० किलोज्यूल बाहेर पडतात, त्या हिशोबाने बेंझीनला ३६० हवेत, पण पडतात २०८ च. ती दीडशेची बचत बेंझीन सहजासहजी सोडत नाही.

दुसरं माझं दुखणं म्हणजे सायक्लोहेक्झेनची खुर्ची. सपाट षटकोनात कोन १२० चा होतो, कार्बनला १०९.५ च्या आसपास हवा असतो, म्हणून रिंग मुडपून खुर्चीसारखी होते. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. घोळ पुढे होतो, "वर" म्हणजे अ‍ॅक्शियल असं धरून चालतात. अ‍ॅक्शियल म्हणजे रिंगला उभा बाँड, इक्विटोरियल म्हणजे रिंगच्या कडेने बाहेर जाणारा. अहो, प्रत्येक कार्बनवर एक वर आणि एक खाली असतो, वरचा कधी अ‍ॅक्शियल असतो कधी इक्विटोरियल. त्यात व्हिडिओवाल्यांची ट्रिक, सिस (दोन्ही ग्रुप रिंगच्या एकाच बाजूला) म्हणजे एक अ‍ॅक्शियल एक इक्विटोरियल. १,२ ला (ग्रुप कितव्या कार्बनांवर आहेत ते आकडे) चालते, १,४ ला चालते, १,३ ला तोंडावर पाडते कारण तिथे सिसमध्ये दोन्ही इक्विटोरियल किंवा दोन्ही अ‍ॅक्शियल असतात. ट्रिक पाठ करायला जेवढा वेळ घालवता त्यात चार खुर्च्या काढून होतात. माझी सवय अशी की आधी पेन्सिलने सहाही अ‍ॅक्शियल काढायचे, वर-खाली-वर-खाली, नुसत्या उभ्या रेघा. मग इक्विटोरियल, अ‍ॅक्शियल वर असेल तिथे किंचित खाली झुकलेले. ग्रुप सगळ्यात शेवटी. मुलं नेमकी ग्रुपपासून सुरुवात करतात.

बाकीचं पटापट. नुसता षटकोन म्हणजे सायक्लोहेक्झेन, C नाही H नाही तरी बारा हायड्रोजन आहेत, मोजा. रिंगच्या कार्बनवर काहीही लावण्याआधी त्याचे चार बाँड मोजा, पाच बाँडवाला कार्बन मी अजून एमएस्सीच्या वहीतही बघते. एकाआड एक डबल बाँड दिसले म्हणजे अ‍ॅरोमॅटिक (बेंझीनसारखी जास्तीची स्थिर रिंग) असं नसतं, सायक्लोऑक्टाटेट्राईनमध्ये पाय इलेक्ट्रॉन (डबल बाँडमधले) आठ आहेत, ४n+२ च्या नियमात (२, ६, १०...) बसत नाहीत आणि ती रिंग सपाटसुद्धा नाही, टबासारखी वाकलेली आहे. पिरिडीनच्या नायट्रोजनची इलेक्ट्रॉन जोडी बाहेर मोकळी आहे म्हणून तो बेस, पायरोलची जोडी रिंगच्या सहा इलेक्ट्रॉनमध्ये गुंतलेली, म्हणून तिथे प्रोटॉन चिकटवायला जाऊ नका. आणि ग्लुकोजच्या सहाच्या रिंगमध्ये कार्बन पाचच असतात, सहावा कोपरा ऑक्सिजनचा, सहावा कार्बन रिंगच्या बाहेर लटकतो.