खाडा पडला, आता पुढे काय?

नवी सवय लावायची म्हणून तुम्ही ध्येय ठरवलंय, वही आणलीय, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा हेही ठाऊक आहे, असं धरून चालतो.

एका वेळी एकच सवय लावा. ती रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला जोडा: दात घासून झाले की लगेच, किंवा बाहेरून येऊन चपला काढल्या की लगेच. 'सकाळी कधीतरी' म्हणजे कधीच नाही.

मापं दोन ठरवा. एक रोजचं, एक अडीनडीचं. मला लिहायची सवय लावायची होती. रोजचं माप अर्धं पान, अडीनडीचं तीन ओळी. अंगात कणकण असताना, रात्री अकरा वाजता, दिव्याखाली उभ्या उभ्या जमेल इतकंच हे दुसरं माप असावं. त्याची लाज वाटली तर माप बरोबर आहे.

आता खरी अडचण. बहुतेक सल्ले सुरुवात कशी करावी तेवढंच सांगतात. सुरुवात कोणीही करतं हो! सवय मोडते ती खाडा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी.

माझे एकदा सलग ४१ दिवस झाले होते. मग तापात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज मागचं सगळं भरून काढायचं, दीड पान. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, चार ओळींत दमलो. 'उद्या दोन पानं' म्हणून टोपण लावलं. ती वही चार महिन्यांनी रद्दी काढताना सापडली, पेन आतच.

म्हणून भरपाई करायची नाही. अजिबात नाही. सवयीला उधारी चालत नाही. चुकलेला दिवस बुडीत खात्यात टाका. दुसऱ्या दिवशी हौस असली तरी अडीनडीचंच माप करा आणि उठा. त्या दिवशी काम किती झालं याला किंमत नाही, तुम्ही ठरल्या वेळी तिथे बसलात याला आहे. आणि कारण शोधत बसू नका. 'माझ्यात चिकाटीच नाही' हा निष्कर्ष काढायला एक खाडा पुरत नाही.

२१ दिवसांत सवय लागते, ही थाप तर डोक्यातून काढाच. १९६० साली एका प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. त्यातलं 'निदान' गळलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. पुढे २००९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मधला आकडा निघाला ६६ दिवस. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर जडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते वेगळंच: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नव्हता.

नोंद कॅलेंडरवर ठेवा. पूर्ण मापाला फुली, अडीनडीच्या मापाला टिंब, खाड्याला कोरी जागा. सलग किती दिवस झाले ते मोजू नका, महिन्यात कोऱ्या जागा किती ते बघा. टिंबंच जास्त दिसत असतील तर रोजचं माप झेपत नाहीये. ते निम्मं करा.

आठवडाभराचा खाडा असेल तर पहिले तीन दिवस फक्त तीन ओळी. चौथ्या दिवशी अर्धं पान.