जेवणाच्या टेबलावरील कार्यालय: मोजून मांडलेली जागा

घरून काम करू लागल्यावर बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो महागड्या खुर्चीचा. माझ्या मते ती दुसरी खरेदी आहे. पहिली खरेदी वेगळा कीबोर्ड आणि माउस यांची असावी, कारण लॅपटॉपचा पडदा आणि त्याच्या कळा एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे हात योग्य उंचीवर ठेवले तर मान खाली वाकते आणि पडदा डोळ्यांसमोर आणला तर खांदे वर उचलले जातात. कितीही उत्तम खुर्ची आणली तरी ही अडचण तशीच राहते.

खरेदीच्याही आधी एक माप घ्यावे. नेहमीच्या खुर्चीवर मागेपर्यंत सरकून बसावे, पावले जमिनीवर सपाट ठेवावीत, खांदे सैल सोडावेत, कोपरे अंगालगत ठेवून काटकोनात वाकवावीत आणि घरातल्या कोणाला तरी जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची टेपने मोजायला सांगावी. हात ज्यावर चालायचे त्या कीबोर्डची उंची साधारण तेवढी, किंवा किंचित कमी असावी. जेवणाचे टेबल बहुधा 75 सेंटीमीटरच्या आसपास उंच असते, तर मध्यम किंवा कमी उंचीच्या माणसाचे कोपर बसल्यावर 60 ते 65 सेंटीमीटरवरच येते. दिवसभर खांदे आखडतात ते या 10-15 सेंटीमीटरच्या फरकामुळे.

टेबलाचे पाय कापणे भाड्याच्या घरात शक्य नसते, म्हणून खुर्चीच उंच करावी लागते. उंची बदलता येणारी खुर्ची नसेल तर बैठकीवर घट्ट गादी किंवा नीट घडी घातलेली सतरंजी ठेवावी. मऊ फोम तासाभरात दबतो आणि मोजमाप वाया जाते. आता पावले अधांतरी लोंबू लागतील आणि खुर्चीची कड मांडीखाली रुतेल. त्यासाठी पायांखाली लाकडी पाट ठेवावा आणि एक पुरला नाही तर दोन, मात्र ते सरकणार नाहीत असे. बहुतेक मराठी घरांत पाट आधीच असतो, त्यामुळे पाय ठेवायला वेगळे उपकरण विकत आणण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

पाठीच्या बाबतीत अगदी ताठ बसण्याचा आग्रह नको. खुर्चीची पाठ काटकोनापेक्षा थोडी मागे, सुमारे 100 ते 110 अंशांत कललेली असली की कण्यावरचा भार हलका होतो. कमरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी ठेवावी. दिवाणावरचा लोड त्या जागी फार जाड होतो आणि माणसाला पुढे ढकलतो. बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावतील एवढी जागा राहिली पाहिजे.

बैठक स्थिर झाल्यावरच पडद्याकडे वळावे, कारण खुर्ची उंच केली की डोळेही वर जातात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा जराशी खाली, आणि अंतर हात पुढे सरळ केल्यावर बोटांची टोके टेकतील एवढे असावे. लॅपटॉप त्यासाठी सहसा 15 ते 20 सेंटीमीटर उचलावा लागतो. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा याला पुरतो, फक्त लॅपटॉपच्या तळाची हवा जाण्याची छिद्रे झाकली जाऊ नयेत. द्विकेंद्री (बायफोकल) किंवा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचे आणि जवळचे एकाच काचेतून पाहण्याचा चष्मा लावणारे मात्र काचेच्या खालच्या भागातून वाचतात आणि पडदा उंच असेल तर नकळत हनुवटी वर करतात. त्यांनी तो काही सेंटीमीटर खाली घेऊन मागे कलता करावा. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय मिटलेले ठेवावेत, म्हणजे मनगटे वर मुडपत नाहीत, आणि माउस त्याच्या अगदी शेजारी असावा.

खिडकी लॅपटॉपच्या पडद्यामागे किंवा आपल्या पाठीमागे न येता बाजूला यावी. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर घेऊ नये, कारण पडद्याकडे पाहताना पापण्या आधीच कमी लवतात आणि डोळे लवकर कोरडे होतात. दर 20 मिनिटांनी सुमारे 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावे. लहान खोलीत तेवढे अंतर मिळत नाही, तेव्हा खिडकीबाहेर पाहावे.

उभे राहून काम करण्यासाठी अनेक जण स्वयंपाकघरातील ओटा वापरतात. तो साधारण 80 ते 85 सेंटीमीटर उंच असतो आणि मध्यम उंचीच्या माणसाचे कोपर उभ्याने सुमारे 100 सेंटीमीटरवर येते, म्हणून तिथे टंकलेखन करताना कंबर वाकते. फोनवर बोलणे उभ्याने आणि चालत उरकणे अधिक सोयीचे. जमिनीवर मांडी घालून, चौरंगावर लॅपटॉप ठेवून बसण्याची सवय असलेल्यांनी बुडाखाली जाड घडी घ्यावी, जेणेकरून गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील. तरीही ही बैठक तासाभराच्या कामापुरतीच ठीक.

रात्री जेवणासाठी टेबल रिकामे करावे लागत असेल, तर योग्य मांडणी झाल्यावर लॅपटॉपखालच्या गठ्ठ्याच्या आणि कीबोर्डच्या कोपऱ्यांशी टेबलावर चिकटपट्टीचे लहान तुकडे लावून ठेवावेत. खुर्ची दोघे वापरत असतील तर दोघांच्या मापाच्या घड्या वेगळ्या ठेवाव्यात आणि पाट कोणाला लागतो हेही ठरवून घ्यावे.