लँडिंग गिअर तपासताना या चुका टाळा

"सर, टायर ठीक दिसतायत."

रात्रपाळीत नव्याने आलेल्या मुलामुलींकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझं उत्तरही आता ठरून गेलंय. "दिसतायत ना? मग गेज (दाब मोजायचं यंत्र) लाव."

मागच्या पावसाळ्यात असाच एक मुलगा टॉर्च घेऊन विमानाभोवती फेरी मारून आला. चारही मुख्य चाकांना त्याने बुटाने हलकेच लाथ मारून पाहिली होती. गेज लावल्यावर डावीकडच्या आतल्या टायरचा दाब नेमलेल्या आकड्याच्या ८८ टक्के निघाला. पोरगं खजील झालं, पण दोष सगळा त्याचा नव्हता. ती लाथ मारायची सवय त्याने कुणातरी सीनियरला बघूनच उचलली होती.

हे लिहितोय ते मुख्यतः ए३२० किंवा ७३७सारख्या विमानांच्या लाइन मेंटेनन्सवर, म्हणजे उड्डाणांच्या मधल्या रोजच्या देखभालीवर, नुकत्याच लागलेल्यांसाठी. आकडे दिलेत ते अंदाज यावा म्हणून. तुमच्या विमानाचा आकडा तुमच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्येच बघायचा, माझ्या लेखात नाही.

टायरचा दाब नजरेने ठरवणं

ए३२०च्या मुख्य चाकात साधारण २०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब असतो, म्हणजे मोटारीच्या टायरच्या सहापट. एका अ‍ॅक्सलवर दोन चाकं असतात. त्यातल्या एकाचा दाब उतरला तरी तो बसलेला दिसत नाही, कारण त्याचं ओझं शेजारचा उचलतो. बैलजोडीतला एक बैल अंग चोरू लागला तरी गाडी चालतेच, फेस दुसऱ्याच्या तोंडाला येतो. इथेही फुटतो तो बहुतेक वेळा चांगला टायर.

११ जुलै १९९१ला जेद्दाहमध्ये नेमकं हेच झालं. हज यात्रेकरूंना नायजेरियाला परत नेणारं नेशनएअरचं डीसी-८ विमान धावपट्टीवर पळत असताना एक टायर गेला, मग त्याच्या शेजारचा. चाक फिरायचं थांबलं, रिम घासत गेली, आग लागली आणि तीच पेटती चाकं आत ओढली गेली. विमानातले सर्व २६१ जण गेले. तपासात पुढे आलं की टायरमधला दाब कमी असल्याचं तंत्रज्ञांना काही दिवस आधीच कळलं होतं. नायट्रोजन हाताशी नव्हता, उड्डाणाला उशीर करायचा नव्हता. नोंदींमधले दाबाचे आकडेही बदललेले सापडले. मी नवीन मुलांना गेजबद्दल सांगतो तेव्हा भौतिकशास्त्राआधी ही घटना सांगतो.

आता गेज कधी लावायचं, ते. टायर थंड हवा. लँडिंगनंतर किमान तीन तास थांबा. तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसने बदललं की दाब एका टक्क्याने बदलतो, त्यामुळे नुकत्याच उतरलेल्या विमानाच्या टायरमध्ये २२०-२३० पीएसआय दिसला तर त्यात नवल नाही. यावर सगळ्यात घातक उपाय म्हणजे "जास्त झालाय" म्हणून गॅस सोडून देणं. पहाटे तोच टायर थंड होतो आणि दाब मर्यादेखाली जातो. गरम टायरमधून गॅस सोडायचा नाही. अगदीच तपासावं लागलं तर त्याच गिअरवरच्या, म्हणजे चाकांच्या त्याच पायावरच्या, बाकीच्या चाकांशी तुलना करा आणि जो एकटा मागे पडलाय त्याची चौकशी करा.

दाब कमी निघाला की काय करायचं याचे टप्पे टायर कंपन्यांच्या पुस्तिकांत दिलेले असतात. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर भरून घ्या. ९० ते ९५मध्ये असेल तर भरा, पण नोंद करा, आणि पुढच्या २४ तासांत पुन्हा तितकाच उतरला तर चाक काढा. ९०च्या खाली गेला की चाक काढायचंच. ८०च्या खाली असेल तर त्याच अ‍ॅक्सलवरचा जोडीदारही काढायचा, कारण इतके दिवस ओझं त्याने वाहिलंय. आमच्या ८८ टक्केवाल्या टायरचं काय झालं हे आता सांगायला नको. चाक बदलायला सगळ्यांना पावसात उभं राहावं लागलं आणि त्या मुलाला चहा मिळाला नाही.

नोंदीचा मुद्दा हलका समजू नका. चांगला टायरसुद्धा दिवसाला ५ टक्क्यांपर्यंत दाब गमावू शकतो. रात्रीच्या माणसाने आकडा न लिहिता नुसतं "भरला" असं लिहिलं, तर दुसऱ्या रात्रीच्या माणसाला गळती ओळखायला काही आधारच उरत नाही. सापडलेला आकडा लिहा, भरल्यानंतरचा लिहा आणि वेळ लिहा.

नायट्रोजनऐवजी साधी हवा

३१ मार्च १९८६ला मेक्सिकनाच्या बोईंग ७२७ विमानात एका चाकाचा ब्रेक घासत राहून तापला. टायरमध्ये नायट्रोजनऐवजी हवा होती. वर गेल्यावर टायरचा स्फोट झाला, इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या फाटल्या आणि १६७ माणसं गेली. आज ७५,००० पौंडांहून जड विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, असा अमेरिकी प्रमाणीकरणाचा नियम आहे. एखाद्या बाहेरच्या स्टेशनवर "सिलिंडर संपलाय, कंप्रेसरने मारून देऊ का?" असं कुणी विचारलं तर उत्तर नाही असंच द्यायचं.

स्ट्रटची चमक बघून समाधान मानणं

शॉक स्ट्रटचा, म्हणजे लँडिंगचा धक्का झेलणाऱ्या गिअरच्या खांबाचा, चकचकीत दांडा पुरेसा बाहेर दिसला की स्ट्रट ठीक, असा एक गोड गैरसमज आहे. आमच्याकडचा एक जण तर चार बोटं लावून मोजायचा. बोटं जाड असली की स्ट्रट नापास.

स्ट्रटमध्ये खाली तेल आणि वर नायट्रोजन असतो. तेल कमी झालं आणि त्याची भर नायट्रोजनने घातली, तर दांडा बाहेरून अगदी हवा तेवढा दिसतो. पण लँडिंगचा धक्का जिरवण्याचं खरं काम तेलाचं असतं. छोट्या भोकातून ते दाबून ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा तिथे खर्च होते. तेल नसेल तर स्ट्रट धाडकन तळाला टेकतो. म्हणून दांड्याची लांबी, आतला दाब आणि तापमान हे तिन्ही चार्टवर एकत्र जुळायला हवेत. तोच स्ट्रट दर आठवड्याला नायट्रोजन मागत असेल तर सिलिंडर ढकलत आणणं थांबवा आणि सील बघा.

तेलाच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. या विमानांच्या स्ट्रटमध्ये लाल खनिज तेल असतं, तर मुख्य हायड्रॉलिक यंत्रणेत स्कायड्रॉल नावाचं जांभळं कृत्रिम तेल. दोन्हींना सगळे "हायड्रॉलिक" म्हणतात, म्हणून डबे अदलाबदल होतात. एकाच्या सीलना दुसरं चालत नाही, ती फुगून खराब होतात. शिवाय गळलेल्या थेंबाचा रंग पाहिला तर गळती स्ट्रटची आहे की ब्रेक लाइनची, हे अर्ध्या मिनिटात कळतं. बोटाने चाचपू नका, स्कायड्रॉल कातडीला आणि डोळ्यांना चांगलंच झोंबतं. आणि दांडा कोरड्या मळक्या फडक्याने पुसू नका. धूळ सीलखाली जाते आणि नवी गळती तुम्हीच तयार करता.

पिन लावली, पण कुठे?

जमिनीवर काम करताना गिअर मिटू नये म्हणून लाल पट्टीच्या पिना लावतात. यात चूक ती काय होणार, असं वाटतं. १८ जून २०२१ला हीथ्रोवर ब्रिटिश एअरवेजच्या ७८७-८ विमानात माल चढवणं चालू असताना नाकाकडचा गिअर मिटला आणि विमान तोंडावर आपटलं. एका बिघाडाच्या प्रक्रियेचा भाग म्हणून कॉकपिटमधला लीव्हर वर करायचा होता, त्यासाठी आधी पिना लावल्या होत्या. नाकाची पिन मात्र योग्य भोकाला लागून असलेल्या दुसऱ्याच भोकात बसली होती. मुख्य मेकॅनिकचा हात तिथवर पोचत नव्हता. त्याने खालून बोटाने दाखवलं आणि शिडीवरच्या सहकाऱ्याने पिन घातली. ते चुकीचं भोक बुजवण्याचा आदेश एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने) आधीच काढला होता, पण मुदत ३६ महिन्यांची होती आणि या विमानावर ते काम व्हायचं होतं.

माझ्या मते इथली खरी चूक खालून बोट दाखवण्याची. तपासणारा माणूस भोकाच्या उंचीवर गेलाच नाही. शिडी आणायला पाच मिनिटं लागतात, आणा. पिन बसल्यावर ओढून, फिरवून बघा.

उलटी चूक जास्त नेहमीची: पिन काढायलाच विसरणं. मग उड्डाणानंतर गिअर आत जात नाही आणि विमान परत येतं. उन्हाने पट्टी फिकी पडलेली किंवा फाटून बोटभर उरलेली असेल तर ती पिन वापरातून बाजूला काढा. काढलेल्या पिना मोजून पेटीत ठेवा आणि वैमानिकाला दाखवा. "काढल्यात" हे नुसतं तोंडी सांगणं पुरेसं नाही.

ब्रेकची पिन, पार्किंग ब्रेक न लावता

ही छोटी चूक आहे, पण परीक्षेत आणि कामावर दोन्हीकडे होते. ब्रेक किती झिजलाय हे दाखवणारी पिन मोजताना पार्किंग ब्रेक लागलेला हवा. नसेल तर प्लेट्स सैल असतात, पिन लांब दिसते आणि संपत आलेला ब्रेक आठवडाभर "बाकी आहे" ठरतो.

गरम ब्रेकजवळ जायची वेळ आली तर चाकाच्या समोरून किंवा मागून जा, अ‍ॅक्सलच्या रेषेत बाजूने कधीच नाही. फुटलं तर रिमचे तुकडे त्याच रेषेत उडतात. फार तापल्यावर टायर फुटण्याआधी गॅस सोडून देण्यासाठी चाकात वितळणारे प्लग असतात. एक प्लग वितळलेला दिसला तर फक्त टायर बदलून काम संपत नाही, चाक आणि ब्रेक दोन्हींची रवानगी दुरुस्तीच्या शॉपमध्ये करा.

चाक बसवताना न फिरवणं, धुताना बेअरिंगवर फवारा

१२ सप्टेंबर २०२५ला कांडलाहून मुंबईला निघालेल्या क्यू४०० विमानाचं एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळून धावपट्टीवर पडलं. विमान मुंबईत सुखरूप उतरलं. त्यानंतर आमच्या सोसायटीतल्या काकांनी मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "अहो, चाकाचा नट घट्ट करत नाही का तुम्ही?"

करतो, पण नुसतं घट्ट करून भागत नाही. चाक फिरवत ठेवून नट आधी जास्त टॉर्कला (पिळाच्या जोराला) घट्ट करायचा म्हणजे बेअरिंगचे रोलर जागेवर बसतात, मग ढिला करायचा आणि पुन्हा ठरलेल्या कमी टॉर्कला आणून लॉक करायचा. घाईत लोक फिरवणं गाळतात. टॉर्क रेंच तर "टक्" म्हणतो, पण रोलर बसलेलेच नसतात. पहिल्या काही लँडिंगमध्ये ते बसतात आणि नट सैल पडतो.

मुंबई आणि दाबोळीसारख्या ठिकाणी खारी हवा आणि त्यावर चार महिन्यांचा पाऊस. त्यामुळे गिअर वारंवार धुतले जातात आणि ते योग्यच आहे. फक्त प्रेशर जेटचं तोंड बेअरिंगवर, स्ट्रटच्या सीलवर आणि ग्रीसच्या जागांवर रोखू नका. पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं. धुतल्यावर ग्रीस भरण्याचं कार्ड वेगळं असतं, ते "नंतर करू" म्हणून बाजूला पडतं आणि खरा गंज तिथून सुरू होतो.

ओव्हरहॉलची मुदत ताणणं

हा निर्णय लाइनवरच्या माणसाचा नसतो, पण त्याचं ओझं त्याच्यावरच येतं. ए३२०चा गिअर साधारण १० वर्षं किंवा २०,००० फेऱ्या (एक उड्डाण आणि एक लँडिंग म्हणजे एक फेरी), यातलं जे आधी येईल तेव्हा उतरवून पूर्ण उघडतात.

२८ ऑक्टोबर २०१६ला फोर्ट लॉडरडेलमध्ये फेडेक्सच्या एमडी-१० मालवाहू विमानाचा डावा गिअर उतरल्यावर मोडला आणि विमान पेटलं. निर्मात्याने ओव्हरहॉलसाठी ८ वर्षं सुचवली होती, कंपनीची मर्यादा ९ वर्षांची होती. गॅस भरण्याच्या व्हॉल्व्हच्या भोकात कॅडमियमचा थर नव्हता, तिथे गंजाचा एक बारीक खड्डा पडला आणि त्यातून तडा वाढत गेला. त्याच्या दहा वर्षं आधी, जुलै २००६मध्ये, मेम्फिसला त्याच कंपनीच्या त्याच प्रकारच्या विमानाचा डावा गिअर मोडला होता. तेव्हाही तडा त्याच भोकातून सुरू झाला होता, फक्त कारण वेगळं होतं: तिथे चुकून चढलेला निकेलचा थर.

असा तडा टॉर्चने दिसत नाही. दिसतो तो रंगाचा उडालेला टवका, बुशच्या (सांध्यात बसवलेल्या धातूच्या कडीच्या) कडेला आलेली तांबूस रेघ. तेवढं दिसलं तरी लिहा.

"लँडिंग जरा टणक होतं" एवढ्यावर सोडणं

वैमानिकाने सहज बोलता बोलता सांगितलं तर त्याला नम्रपणे टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) लिहायला सांगा, आणि रेकॉर्डरचा डेटा मागवा. माणसाच्या पाठीला जाणवलेला धक्का आणि गिअरवर आलेला भार यांचा ताळमेळ असतोच असं नाही.

दोन्ही बाजूंना तोच हात

डीजीसीएच्या (भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) सीएआर-१४५ या देखभाल संस्थांसाठीच्या नियमाप्रमाणे, एकाच प्रकारच्या कामात एकच चूक दोनदा होण्याचा धोका कमी करावा लागतो. म्हणजे डाव्या आणि उजव्या गिअरचे ब्रेक शक्यतो एकाच माणसाने बदलू नयेत. तो एकदा चुकला तर दोन्हीकडे चुकेल. माणसं कमी आहेत ही सबब मलाही ठाऊक आहे, मीही ती सांगितली आहे. निदान दुसऱ्या बाजूची तपासणी तरी दुसऱ्या माणसाने करावी.

चाकघरात शिरण्याची घाई

जुलै २०१९मध्ये कोलकाता विमानतळावर क्यू४००च्या मुख्य गिअरचं काम करताना चाकघराचं दार अचानक मिटलं आणि एका तरुण तंत्रज्ञाचा जीव गेला. त्या दारांच्या मागे हायड्रॉलिकचा दाब असतो. मिटताना ती माणसासाठी थांबत नाहीत.

दारांना लॉक लावा, कॉकपिटमधल्या लीव्हरवर टॅग अडकवा, आणि कॉकपिटमध्ये कुणी असेल तर त्याच्याशी हेडसेटवर बोलून मगच आत जा. "लॉक लावलंय" असं मला कुणी सांगितलं तरी मी डोकं आत घालण्याआधी त्या लॉकला हात लावून एकदा हलवून बघतो. पोरं हसतात. आता त्यातली दोघंतिघंही तसंच करायला लागलीयत.